अस्थिऊतक

हाड ज्या ऊतकाचे बनलेले असते ते अस्थिऊतक. संयोजी, म्हणजे शरीराच्या भागांना जोडणाऱ्या व आधार देणाऱ्या ऊतकाचाच हा एक प्रकार, मात्र यात पेशींभोवतीचे आधारद्रव्य खनिजाने घट्ट झालेले असते. वजनाच्या हिशेबाने त्यात साधारण ६५ टक्के खनिज, २५ टक्के सेंद्रिय द्रव्य आणि बाकी पाणी असते. खनिज मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांचे, हायड्रॉक्सीॲपटाइटच्या जातीचे. सेंद्रिय भागात सुमारे ९० टक्के वाटा कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा.

खनिज हाडाला कठीणपणा देते, कोलॅजेन चिवटपणा. कोंबडीच्या तंगडीचे हाड व्हिनेगरमध्ये काही दिवस बुडवून ठेवले की आम्लात खनिज विरघळते. आकार तोच राहतो, पण हाड रबरासारखे वाकते. चितेत नेमके उलटे घडते. कोलॅजेन जळून जाते आणि खनिज उरते, म्हणून सावडताना हाती येणाऱ्या अस्थी हलक्या असतात, बोटांत चुरतात. मुडदुसात ड जीवनसत्त्वाअभावी खनिज पुरेसे बसत नाही आणि मुलाचे पाय शरीराच्या भाराने वाकतात.

मटणातल्या नळीचे मज्जेभोवतीचे टणक कडे म्हणजे घन अस्थी. सांध्याकडच्या टोकाला दिसते ती जाळीदार, स्पंजी अस्थी. कडे डोळ्यांना भरीव दिसते, पण ते तसे नसते. माणसाच्या मांडीच्या हाडाचा तुकडा कागदाइतका पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखी वर्तुळे दिसतात. हीच हॅव्हर्स तंत्रे. प्रत्येकाची रुंदी सुमारे ०.२ मिलिमीटर. मधल्या नलिकेतून रक्तवाहिन्या व चेता जातात. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने १६९१ मध्ये हाडातल्या या वाटांचे वर्णन केले. त्यांतून मज्जेचे तेल झिरपते असा त्याचा समज होता. निरीक्षण चोख, अर्थ चुकला. नलिकेभोवतीच्या लगतच्या थरांत तंतूंची दिशा बदलत जाते, प्लायवुडमध्ये बदलते तशी, त्यामुळे बारीक भेग सरळ पुढे पसरत नाही.

थरांच्या मधे कोळ्यासारखे काळे ठिपके दिसतात. त्या रिक्तिका, म्हणजे पेशींच्या पोकळ जागा; घासलेल्या हाडात पेशी उरलेल्या नसतात, हवा शिरलेली असते. जिवंत हाडात तिथे अस्थिपेशी असतात. दगडासारख्या द्रव्यातून पोषण झिरपू शकत नाही, म्हणून पेशींचे धागे केसाहूनही बारीक सूक्ष्मनलिकांतून शेजारच्या पेशीला भिडलेले असतात. स्पंजी अस्थीच्या पातळ पट्ट्यांना सहसा हॅव्हर्स तंत्र लागत नाही; त्यांना पोषण भोवतालच्या मज्जेतून मिळते.

हे बांधकाम कायमचे नसते. बहुकेंद्रकी अस्थिभक्षक पेशी आम्ल आणि विकरे सोडून जुने हाड पोखरतात. मागून येणाऱ्या अस्थिजनक पेशी आधी कोलॅजेन घालतात, मग त्यावर खनिज बसते. पोखरणे काही आठवड्यांत उरकते, भरायला मात्र महिने लागतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी असा नवा होतो. त्यामुळेच हाडाच्या छेदात सगळी वर्तुळे पूर्ण नसतात. मोडलेल्या जुन्या वर्तुळांचे अर्धेमुर्धे तुकडे नव्यांच्या मधल्या जागेत अडकलेले दिसतात.