लहान मुलांची दंतभीती आणि औषधाविना उपाय

गुंगीच्या औषधाचा आधार न घेता, बोलून, दाखवून आणि विश्वास देऊन दाताच्या दवाखान्यातली मुलांची भीती व वेदना कमी करण्याची पद्धत. ग्रामीण विदर्भात ही भीती मूल बहुधा घरूनच घेऊन येतं. ‘गप राय, नाई त डॉक्टर सुई टोचते’ हे त्यानं दवाखाना पाहण्याआधीच कितीदा तरी ऐकलेलं असतं. त्यात ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ म्हणून कीड अंगावर काढली जाते. रात्रभर ठणकून गाल सुजला की सकाळच्या एसटीनं तालुक्याला आणतात. पहिली भेटच अशी दुखण्याची ठरते.

सर्वांत रुळलेली पद्धत ‘सांगा-दाखवा-करा’. ॲडेल्स्टन या दंतवैद्यानं ती १९५९ मध्ये मांडली. आधी सांगायचं, हा फिरणारा ब्रश आहे, गुदगुल्या होतील. मग तो मुलाच्या अंगठ्याच्या नखावर फिरवायचा. मूल हात मागे ओढतं, थोड्या वेळानं आपणच पुढे करतं. त्यानंतरच दाताला लावायचा, आणि सांगितलं तेवढंच करायचं. हे सांगणं मुलाच्या घरच्या बोलीत हवं. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणाऱ्या लेकरापुढे पुस्तकी मराठीही परकीच. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला काय सजवलं होतं, एवढं विचारलं तरी मूल बोलायला लागतं. हात वर केला की डॉक्टर थांबतील, असं ठरवावं आणि खरोखर थांबावं.

तीन वर्षांखालच्या मुलाची तपासणी गुडघ्याला गुडघा लावून करतात. आई आणि डॉक्टर समोरासमोर बसतात. मुलाचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर, पाय आईच्या कमरेभोवती, हात आईच्या हातात. दोन साध्या खुर्च्या पुरतात, त्यामुळे अंगणवाडीतही हे जमतं.

यंत्राच्या आवाजाला घाबरणाऱ्यांसाठी हाताच्या अवजारांनी कीड खरवडून त्या खड्ड्यात ग्लास आयनोमर सिमेंट, म्हणजे दाताला चिकटून बसणारं भरण, भरण्याची पद्धत आहे. ती १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. लोडशेडिंगच्या गावातही तिचं काम अडत नाही.

दाढ काढायची असेल तर मात्र बधिरतेचं इंजेक्शन हवंच. चार जणांनी हातपाय दाबून दात उपटणं म्हणजे औषधाविना उपचार नव्हे, तो मुलावरचा अन्याय आहे. ‘काहीच दुखणार नाही’ असंही सांगू नये. ‘मुंगी चावल्यासारखं होईल’ म्हणावं, आणि टोचताना गाल हलवत राहावा, म्हणजे टोचणी कमी जाणवते.