शीतगृह आणि रीफर (शीत वाहतूक) गाडीसाठी अन्न परवाना: कोणाला लागतो, कागद कोणते, तपासणीत काय बघतात

हॉटेल, केटरिंग किंवा सेंट्रल किचन चालवणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "किचनचा परवाना आहे ना, मग कोल्ड रूमला वेगळा कशाला?" उत्तर कोल्ड रूमच्या पत्त्यावर अवलंबून आहे. ती किचनच्याच आवारात असेल तर त्याच परवान्यात बसते. नकाशात आणि यंत्रसामग्रीच्या यादीत दाखवली की झालं. पण दोन गल्ल्या सोडून गाळा भाड्याने घेतला आणि तिथे फ्रीझर मांडले, तर ती वेगळी जागा. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आणि त्याखालचे २०११ चे परवाना व नोंदणी नियम मालक एक आहे का हे बघत नाहीत, जागा किती आहेत हे बघतात. जागा वेगळी, परवाना वेगळा.

म्हणून अर्ज उघडण्याआधी कोऱ्या कागदावर मालाचा प्रवास काढा. चिकन कुठे उतरतं, पनीर रात्री कुठे राहतं, सकाळी कोणत्या गाडीत चढतं, ती गाडी कोणाची. माल जिथे जिथे मुक्काम करतो तिथला परवाना कोणाच्या नावावर आहे, हे प्रत्येक ठिकाणापुढे लिहा. एखाद्या ठिकाणापुढची ओळ कोरी राहिली, तर तुमचा अर्ज त्या जागेसाठी आहे.

पात्रता आणि पातळी

पातळ्या तीन: लहान व्यवसायाला नोंदणी, त्यावर राज्य परवाना, मोठ्यांना केंद्रीय परवाना. किचनसाठी वार्षिक उलाढाल पाहतात, शीतगृहासाठी साठवण क्षमता, वाहतूकदारासाठी गाड्यांची संख्या किंवा उलाढाल. २०११ च्या मूळ नियमांत १०,००० मेट्रिक टनांवरचं शीतगृह आणि १०० हून जास्त गाड्या किंवा ३० कोटींवर उलाढाल असलेला वाहतूकदार केंद्रीय परवान्यात जात होता. मर्यादा दुरुस्त्यांमध्ये बदलतात. ऐकीव आकड्यावर विसंबू नका, अर्जाच्या दिवशी फॉस्कॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवरचा पात्रता तक्ता पाहा. महाराष्ट्रात नोंदणी आणि राज्य परवान्याचं काम अन्न व औषध प्रशासन पाहतं, केंद्रीय परवाना एफएसएसएआयकडे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे.

गाडी भाड्याची असेल तर परवाना वाहतूकदाराने काढायचा. त्याच्याकडून परवान्याचा १४ अंकी क्रमांक मागून घ्या आणि तो चालू आहे का ते फॉस्कॉसवर टाकून बघा. फोटोकॉपीवर समाधान मानू नका, मुदत संपलेल्या परवान्याचीही फोटोकॉपी सुरेख निघते.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो 'व्यवसायाचा प्रकार' निवडताना. फक्त माल ठेवत असाल तर 'साठवण', आणि त्यातही शीत साठवण. त्याच जागेतून इतर हॉटेलांना माल विकत असाल तर घाऊक विक्रीही निवडावी लागते. इथे चूक झाली की पुढचे सगळे कागद बरोबर असूनही अर्ज परत येतो.

कागदपत्रे

परवान्यासाठी साधारण हे लागतं: मालक, भागीदार किंवा संचालकांची यादी आणि ओळखपत्र, जागेच्या ताब्याचा पुरावा (भाडेकरार, खरेदीखत किंवा वीजबिल), भागीदारीपत्र किंवा कंपनीची कागदपत्रे, जबाबदार व्यक्तीच्या नेमणुकीचा नमुना, अन्न सुरक्षा व्यवस्थापन योजना, आणि वाहतूकदार असल्यास गाड्यांची यादी. किचनच्या अर्जाला पाण्याचा तपासणी अहवालही जोडतात.

दोन कागद मन लावून करा. एक, जागेचा नकाशा: मापं मीटरमध्ये, आणि माल उतरवण्याची जागा, चिलर, डीप फ्रीझर, परत आलेल्या मालाचा कोपरा वेगवेगळे दाखवलेले. दुसरा, यंत्रसामग्रीची यादी: प्रत्येक कोल्ड रूमची क्षमता आणि कॉम्प्रेसरची अश्वशक्ती. ही यादी आणि प्रत्यक्षातली यंत्रं जुळली नाहीत तर तपासणीच्या दिवशी उत्तरं देताना घाम फुटतो, तोही कोल्ड रूममध्ये.

अर्ज ते तपासणी

अर्ज आणि शुल्क दोन्ही ऑनलाइन. भरणा झाला की १७ अंकी संदर्भ क्रमांक मिळतो. परवान्याच्या अर्जात त्रुटी असेल तर नियमाप्रमाणे १५ दिवसांत कळवतात आणि पूर्तता करायला ३० दिवस देतात. पूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. पोर्टलवर रोज नजर ठेवा. त्रुटीचा मेसेज न पाहिल्याने अर्ज रद्द झालेले लोक कमी नाहीत.

अन्न सुरक्षा अधिकारी जागेवर आले की तापमानाच्या गोष्टी सुरू होतात. थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, गोठवलेले उणे १८ किंवा त्याखाली. शिजवलेलं अन्न थंड करून ठेवत असाल तर ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत, आणि तिथून ५ वर पुढच्या दोन तासांत. पातेलं तसंच चिलरमध्ये ढकललं तर हे होत नाही. उथळ ट्रे लागतात. दारावरच्या डिस्प्लेवर ३ दिसतं म्हणून मालही ३ वर असतो असं नाही, म्हणून मालाचं तापमान मोजायला प्रोब थर्मामीटर ठेवा आणि त्याच्या कॅलिब्रेशनचा (अचूकतेच्या तपासणीचा) दाखला जवळ असू द्या.

रीफर गाडीबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: गाडी माल थंड करते. नाही, ती थंड माल थंड ठेवते. माल चढवण्याआधी डबा गार करून घ्यावा लागतो, आणि छतापर्यंत खोकी रचली तर हवा फिरायला जागा उरत नाही. निघताना आणि पोचल्यावर तापमानाची नोंद हवी. डाटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र) असेल तर उत्तम.

आणि तापमानाची नोंदवही रोजच्या रोज भरा. महिन्याभराच्या नोंदी एकाच पेनने, एकाच हाताने, प्रत्येक ओळीत ४ अंश अशा दिसल्या की अनुभवी अधिकारी पहिल्या पानावरच ओळखतो. एखाद्या दिवशी वीज गेली, तापमान ९ वर गेलं आणि माल काढून टाकला, अशी नोंद उलट विश्वास वाढवते.

परवाना मिळाल्यावर तो दर्शनी जागी लावायचा, १४ अंकी क्रमांक बिलावर छापायचा, कामगारांची वैद्यकीय तपासणी दरवर्षी करून घ्यायची, आणि दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक फॉस्टॅक (एफएसएसएआयचा अन्न सुरक्षा प्रशिक्षण कार्यक्रम) प्रशिक्षित पर्यवेक्षक ठेवायचा. पुढे नवी कोल्ड रूम बांधली किंवा साठवण क्षमता वाढवली, तर त्यात माल भरण्याआधी फॉस्कॉसवर परवान्यात बदलाचा अर्ज करा.