लोकांनी कोपरा साफ केला, म्हणून पालिका सुटत नाही

«वस्तीतल्या लोकांनी एकदा जागा सुधारायला घेतली की पुढची सगळी जबाबदारी त्यांचीच, पालिकेचा संबंध संपला.» हा समज बरीच वर्षं फिरतोय. मदत मागायला गेल्यावर «आता तुम्हीच करताय ना?» असं ऐकलेल्याला तो खराच वाटणार.

कायदा मात्र वेगळं सांगतो. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. तिच्यात शहरी संस्थांकडे सोपवता येतील असे 18 विषय आहेत. झोपडपट्टी सुधारणा, उद्यानं, पथदिवे त्यातच येतात. मुंबईला वेगळा, 1888 चा कायदा आहे. बाकी महापालिकांसाठी 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 63 पाहा. सफाई, गटारं, रस्त्यावरचे दिवे ही तिथे बंधनकारक कामं आहेत. बागा मात्र कलम 66 मध्ये, म्हणजे ऐच्छिक. गोंधळ बहुधा इथूनच होतो.

समजा, गल्लीच्या तोंडाशी कचरा पडायचा. रहिवाशांनी तो उचलला, भिंत रंगवली, कुंड्या ठेवल्या. शेजारच्या गटाराचं झाकण फुटलं तर ते बदलणं पालिकेचंच काम. कुंड्या ठेवल्याने ते रहिवाशांच्या गळ्यात पडत नाही. तसंच ती जागाही त्यांच्या मालकीची होत नाही, हेही तितकंच खरं.

पडताळायचं असेल तर दोन्ही कलमं स्वतः वाचा. मग पालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागाची तरतूद शोधा. सापडली नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवस.