माउथ ऑर्गनच्या सातव्या भोकात श्वास उलटतो तो का

आमच्याकडे इंदुरात रविवारी सकाळी पोहे-जिलबी ठरलेलीच, आणि परवा भाचीने वरून भरपूर शेव घातलेले पोहे खाल्ले नि तसाच माउथ ऑर्गन तोंडाला लावला. चौथ्या भोकात फुंकलं की सा वाजतोय, पण हवा आत ओढली की रे गप्प. "मामा, रे मेला!" खालचं पत्र्याचं झाकण उघडून बघतो तर पितळी रीडच्या फटीत शेवेचा कण! तो सुईने काढला, रे परत जिवंत.

पेटीतही असलेच रीड असतात, फक्त तिथे भाता हाताने मारायचा आणि इथे भाता म्हणजे आपली छाती. पितळेची बारीक पट्टी, एक टोक पक्कं, दुसरं मोकळं, खाली तिच्यापेक्षा जेमतेम मोठी फट. हवा पट्टीला ढकलते, ती स्प्रिंगसारखी परत येते आणि दरवेळी हवेची वाट उघड-बंद होते, सी स्केलच्या बाजात चौथ्या भोकाच्या सा ला हे सेकंदाला साधारण 523 वेळा होतं. लांब पट्टी सावकाश हलते, सूर खाली जातो, आणि लांब पट्ट्या डावीकडे असतात म्हणून खर्ज डाव्या हाताला.

दहा भोकं, रीड वीस. प्रत्येक भोकात एक फुंकायचा आणि एक ओढायचा, म्हणून चार-पाच-सहा या तीन भोकांत सा रे ग म प ध बसतं: फुंक-ओढ, फुंक-ओढ, फुंक-ओढ. भाची अर्ध्या तासात शिकली. सारेग, रेगम, गमप, मपध सगळं झकास, आणि पधनीला गाडी अडली. कारण इथे फुंक-ओढ-फुंक चालत नाही, ध ओढायचा, मग एक भोक सरकून नी पण ओढायचा, आणि वरचा सां त्याच सातव्या भोकात फुंकायचा. तिला वाटलं बाजाच बिघडलाय.

बिघाड नाही, हिशोब आहे. फुंकीवर तीनच सूर, सा ग प, म्हणजे कितीही भोकं एकदम फुंका, कॉर्डच (एकत्र वाजले की जुळणारे सूर) निघते, बेसूर नाही. (नवशिक्याची दोन-तीन भोकं हमखास एकदम वाजतात, त्यामुळे हा मोठाच उपकार.) उरलेले चार, रे म ध नी, ओढीवर. आता तीनची रांग आणि चारची रांग शेजारी लावली तर जोड्या सरकणारच ना, सा-रे, ग-म, प-ध झाल्यावर फुंकीकडे परत सा आला पण ओढीकडे नी अजून बाकी, म्हणून सातव्यात सां-नी. तिथून पुढे सगळं उलटं, ओढीचा सूर खालचा आणि फुंकीचा वरचा.

डावीकडच्या तीन भोकांत तर खालचे म आणि ध गायबच आहेत, तिथे ओढीवरही कॉर्ड वाजावी म्हणून. आपल्याला साथीच्या कॉर्डचं काय कौतुक, पण साध्या चाली चार ते सातमध्येच बसवा असं सांगतात ते यामुळेच.

जोर मात्र लावू नका, गरम चहावर फुंकर घालतो तेवढीच हवा पुरे. भाची सध्या गॅलरीत बसून फक्त ध नी सां, ओढ-ओढ-फुंक, करतेय, सकाळपासून.