खिंडपार हिमालयीन पदभ्रमणाचे नियोजन

हिमालयात एका नदीच्या खोऱ्यातून चढत जाऊन, पाणलोटाची धार उंच खिंडीतून ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरण्याच्या अनेक दिवसांच्या पायी प्रवासाची ही पूर्वतयारी होय. सातारा-सांगलीकडचे गिर्यारोहक अशा प्रवासाला ‘पास क्रॉस करणे’ म्हणतात. हंप्ता (सु. ४,२७० मी.), रूपिन (सु. ४,६५० मी.), कुलूतील पार्वती खोरे आणि स्पितीतील पिन खोरे यांना जोडणारी पिन-पार्वती (५,३१९ मी.), तसेच गंगोत्रीहून बद्रीनाथकडे नेणारी कालिंदी खाल (सु. ५,९५० मी.) या खिंडी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. ज्या ट्रेकमध्ये गेल्या वाटेनेच परतायचे असते, त्यात प्रत्येक मुक्काम परतीचाही मुक्काम असतो. खिंडपार वाटेवर तसे नसते, आणि या नियोजनाच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघतात.

पाणलोट ओलांडला की हवामान पालटते, हे सातारा जिल्ह्यातील वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुका पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर वर्ष काढतो. उदाहरण म्हणून पिन-पार्वती खिंड घेतली, तर तिच्या दोन्ही अंगांना हाच भेद आहे. पार्वती खोऱ्यात मोसमी पावसाने वाटा निसरड्या होतात व दरडी कोसळतात, तर पर्जन्यछायेतील पिन खोरे कोरडे आणि जवळजवळ वृक्षहीन आहे. त्यामुळे एकाच सामानात पावसाची आणि कोरड्या थंडीची, अशी दोन्ही तयारी ठेवावी लागते. या खिंडीचा हंगाम साधारण जुलै ते सप्टेंबर असा असतो. त्याच्या कडेच्या तारखा निवडणे धोक्याचे आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये हर्षिल-छितकुल मार्गावरील लमखागा खिंडीच्या परिसरात बर्फवृष्टीत सापडून पदभ्रमकांचे मृत्यू झाले.

नियोजनाचा कणा म्हणजे मुक्कामांच्या उंचीचा तक्ता. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण कितीही उंचीवर सुमारे २१ टक्केच राहते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि ५,५०० मीटरच्या सुमारास तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. शरीर याला सरावते, पण त्याला दिवस लागतात. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, हा वैद्यकीय संकेत सर्वत्र मानला जातो. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपण्यास हरकत नाही. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे व गळून जाणे ही पर्वतीय आजाराची प्राथमिक लक्षणे असून ती असेपर्यंत आणखी वर चढायचे नसते. विश्रांती घेतानाही दम लागणे व छातीत घरघर ऐकू येणे म्हणजे फुप्फुसांत पाणी साचत असल्याची, आणि तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण होय. एका रेषेवर टाचेला चवडा लावून चालायला सांगावे. ज्याला ते जमत नाही, त्याला सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी खाली न्यावे. अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या शरीर सरावण्यास मदत करतात. पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ते आधी सांगावे.

हा तक्ता मांडला की कोणत्या बाजूने निघायचे हा प्रश्न बहुधा आपोआप सुटतो. पार्वती खोऱ्यातून निघाल्यास खीरगंगा (सु. २,९०० मी.), पुढची गवताळ कुरणे आणि मानतलाई सरोवर (सु. ४,१०० मी.) अशी उंची टप्प्याटप्प्याने वाढते. उलट बाजूचे, पिन खोऱ्यातले मुद गाव मुळातच सुमारे ३,८०० मीटरवर आहे, आणि मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे गाडीने तिथे पोहोचणाऱ्याला शरीर सरावण्याआधीच चालू लागावे लागते. मानतलाईच्या पुढे आजारी पडलेल्या माणसाला खीरगंगेपर्यंत उतरवण्यात काही दिवस जातात. म्हणून प्रत्येक मुक्कामासमोर ‘इथून माघार कुठे आणि किती दिवसांत’ हा रकाना भरलाच पाहिजे.

सातारा किंवा मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून बसने भुंतर व मणिकर्ण, आणि परतीचा तेवढाच प्रवास, यांत रजेचा बराच भाग संपतो. मग उरलेल्या दिवसांत वाट बसवण्याचा मोह होतो आणि पहिली कात्री विश्रांतीच्या दिवसांवर चालते. ही पद्धत सर्वथा चुकीची आहे. आधी मुक्काम ठरवावेत, त्यात खराब हवामानासाठी किमान दोन दिवस राखीव धरावेत आणि रजा पुरत नसेल तर कमी उंचीची खिंड निवडावी.

घरच्या सरावाला या भागात तोटा नाही. साताऱ्यात अजिंक्यतारा आणि यवतेश्वरचा घाट, जावळीच्या रानात वासोटा, सांगलीकडे दंडोबाचा डोंगर व सागरेश्वर येथे पाठीवर वजन घेऊन नियमित चढउतार केल्यास पाय आणि दमसास तयार होतो. उताराचा सराव अनेकजण टाळतात, पण गुडघे तिथेच दुखावतात. तरीही महाबळेश्वरचे पठार १,४०० मीटरच्या आसपासच आहे, त्यामुळे सह्याद्रीत विरळ हवेचा सराव होऊ शकत नाही. सह्याद्रीत सर्वांच्या पुढे असणारा काटक तरुण हिमालयात जोराने चढून आजारी पडतो, याचे कारण हेच.

दिवसाचे वेळापत्रक बर्फ आणि पाणी ठरवतात. हिमनदीतून येणारे ओढे उन्हाबरोबर फुगतात, म्हणून ते सकाळी ओलांडावेत. खिंडीकडे पहाटेच्या अंधारात निघावे. तेव्हा बर्फ घट्ट असते, तर दुपारी ते भुसभुशीत होऊन पाय रुततात आणि हिमभेगांवरचे, म्हणजे हिमनदीतल्या खोल भेगांवरचे, बर्फाचे पूल कमकुवत होतात. पिन-पार्वतीवर अशा भेगा असल्याने दोर, तो वापरण्याचे प्रशिक्षण आणि वाट जाणणारा स्थानिक वाटाड्या आवश्यक ठरतो. बर्फावर गडद चष्मा नसेल तर काही तासांतच डोळे पोळतात.

शिधा ठरवताना वजनाबरोबर इंधनाचाही हिशेब करावा लागतो. मानतलाईच्या उंचीवर पाणी ८६-८७ अंश सेल्सिअसलाच उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाणा बोटाखाली टचटचीत लागतो आणि रॉकेल मात्र संपत जाते. त्यामुळे छोटा प्रेशर कुकर ही चैन नव्हे. पिठले, भाजलेल्या रव्याचा उपमा, मेतकूट-भात असे लवकर होणारे पदार्थ इथे उपयोगी पडतात. तासगावचे बेदाणे, शेंगदाणे आणि गूळ चालता चालता खाता येतात व थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा देतात. सांगलीचे भडंग हलके असले तरी जागा फार खाते. उंचीवर भूक मंदावते, तेव्हा ओळखीची चव पोटात जाते, हे शिध्याच्या यादीत धरलेच पाहिजे.

पोर्टरांचे बूट, गरम कपडे, तंबू आणि विमा यांची तरतूद खर्चाच्या पहिल्या यादीत असावी. ओझे त्यांनी वाहायचे आणि थंडीही त्यांनीच सोसायची, हे कोणत्याही पथकाला शोभत नाही. ही वाट खीरगंगा आणि पिन व्हॅली या राष्ट्रीय उद्यानांतून जात असल्याने वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. उपग्रह फोन व तत्सम संदेशयंत्रे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणे भारतात बेकायदेशीर आहे आणि मोबाइलला वाटेत बहुतेक ठिकाणी रेंज नसते. म्हणून मुक्कामांची नावे व तारखा, सदस्यांचे रक्तगट आणि कोणत्या दिवसापर्यंत निरोप न आल्यास शोध सुरू करावा, हे लिहिलेला कागद घरी एका जबाबदार व्यक्तीकडे ठेवावा. खिंडीच्या अलीकडची बाजू कुलू जिल्ह्यात आणि पलीकडची लाहौल-स्पिती जिल्ह्यात येते, त्यामुळे त्या कागदावर दोन्ही जिल्हा प्रशासनांचे दूरध्वनी क्रमांक असावेत.