हापूसला तासभर गरम पाणी का?

फळमाशी लागलेला हापूस बाहेरून सहसा ओळखू येत नाही. सालीवर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, तोही नीट पाहिला तर. पिकल्यावर कापला की बाठ्याकडचा गर पाणचट निघतो आणि त्यात पांढऱ्या अळ्या असतात. मोठी झालेली अळी तर अंगाचं वेटोळं करून चक्क उडी मारते.

या माशीपायी १ मे २०१४पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला. जानेवारी २०१५मध्ये बंदी उठली आणि फळातली अळी मारण्यासाठी आंबा गरम पाण्यात बुडवून ठेवायची प्रक्रिया रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांच्या बोलण्यात आली: ४८ अंश सेल्सिअस, ६० मिनिटं. जपानने २००६मध्ये दार उघडलं तेही उष्ण बाष्पाच्या अटीवरच.

एवढीशी अळी, तिला तासभर कशाला? याचं उत्तर १९६२च्या इटलीत आहे, आणि तिथेही माशीच होती. संशोधक फेरुच्चो रितोस्सा फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर, म्हणजे ड्रोसोफिलावर, काम करत होते. कुणीतरी उबवणपेटीचं तापमान चुकून वाढवलं. अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं एरवी फुगत नाहीत अशा ठिकाणी फुगलेली त्यांना दिसली. तिथली जनुकं उष्णतेने जागी झाली होती. ती काय बनवतात, हे कळायला १९७४ उजाडलं: उष्माघात प्रथिनं.

अंडं उकडलं की पांढरा बलक घट्ट होतो, कारण त्यातल्या प्रथिनांच्या घड्या उसवून त्यांचा गुंता होतो. तापलेल्या पेशीतही हाच धोका. ही प्रथिनं, त्यातही एचएसपी ७० नावाचं, उसवलेला धागा पकडून ठेवतात, गुंता होऊ देत नाहीत. तेवढा वेळ पेशी इतर बरीच कामं बाजूला ठेवते. अशी सौम्य ऊब आधी सोसलेली अळी पुढची कडक उष्णताही जास्त सोसते. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

मग पाणी आणखी कडक का करू नये? तर फळच भाजतं. साल डागाळते, गर धड पिकत नाही. म्हणून अंश कमी आणि वेळ जास्त. त्यात मोठ्या फळाच्या बाठ्यापर्यंत ऊब उशिरा पोचते आणि तिथल्या अळीला तयारीला सवड मिळते. लहान-मोठी फळं टाकीत एकत्र घालायची नाहीत, ती यासाठीच.