ईस्टर एग (सुपरहिरो चित्रपट व मालिका)

ईस्टर एग : चित्रपट, मालिका किंवा संगणकीय खेळात निर्मात्यांनी मुद्दाम लपवलेली खूण. कथा तिच्याकडे बोट दाखवत नाही. ठाऊक असणाऱ्याला ती दिसते, आणि ज्याला ठाऊक नाही त्याचे तिच्यावाचून काही अडत नाही. सुपरहिरोंच्या चित्रपटांत या खुणा बहुतेक वेळा कॉमिक्सकडे नेतात. दाराच्या क्रमांकात जुन्या अंकाचा क्रमांक असतो, गर्दीतला एखादा चेहरा त्या पात्राच्या जन्मदात्याचा निघतो, तर एखाद्या दृश्याची मांडणी पन्नास वर्षांपूर्वीच्या मुखपृष्ठावरून घेतलेली असते. मराठीत यासाठी वेगळा शब्द रुळलेला नाही. चाहते ‘ईस्टर एग’ किंवा नुसते ‘रेफरन्स’ म्हणतात.

ईस्टरच्या सणाला लहान मुलांसाठी घरात-अंगणात रंगवलेली अंडी लपवून ठेवतात, त्यावरून हे नाव आले. नाव पडले ते मात्र अटारी कंपनीत. खेळ तयार करणाऱ्यांची नावे खेळात द्यायची नाहीत, असा तेव्हा त्या कंपनीचा शिरस्ता होता. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने १९८० साली बाजारात आलेल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात कोणाला न सांगता एक गुप्त खोली ठेवली. चक्रव्यूहातला एक जवळजवळ अदृश्य ठिपका उचलून ठरावीक जागी नेला की भिंत पार करता येई आणि पलीकडे अक्षरे झळकत : हा खेळ वॉरन रॉबिनेटने तयार केला आहे. एका शाळकरी खेळाडूने ती खोली शोधून कंपनीला पत्र लिहिले, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. खेळाची नवी आवृत्ती काढणे खर्चाचे होते. तेव्हा अटारीतील स्टीव्ह राइट यांनी सुचवले की, असल्या गोष्टी राहू द्याव्यात, खेळणाऱ्यांना ती ईस्टरची अंडी वाटतील.

या प्रकाराचे मूळ असे आहे : ज्याचे नाव गाळले गेले, त्याने ते लपवून लिहिले. सुपरहिरोंच्या बाबतीत हे मूळ विसरता येत नाही, कारण कॉमिक्सचा धंदा अनेक दशके याच पद्धतीने चालला. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले आणि १९४७ साली कंपनीविरुद्ध खटला भरल्यानंतर कैक वर्षे त्यांचे नाव सुपरमॅनसोबत छापले गेले नाही. ते परत आले १९७५ च्या अखेरीस, सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघण्याच्या सुमारास. बॅटमॅनची गोष्ट याहून कडवट आहे. करारानुसार निर्माता म्हणून एकट्या बॉब केन यांचे नाव लागत असे. प्रत्यक्षात टोकदार कानांचा मुखवटा, पंखांऐवजी झगा, ब्रूस वेन हे नाव, गॉथम शहर, असे पुष्कळ काही लेखक बिल फिंगर यांचे होते. फिंगर १९७४ साली वारले. १९८९ च्या ‘बॅटमॅन’मध्ये वृत्तपत्राचा एक व्यंगचित्रकार वार्ताहराला चिडवायला कोट घातलेल्या वटवाघळाचे चित्र देतो, त्यावर सही बॉब केन यांची आहे. हा प्रसंग गंमत म्हणून पाहिला जातो. फिंगर यांच्याबद्दल वाचल्यावर ती सही खुपते. त्यांचे नाव बॅटमॅनच्या श्रेयनामावलीत येणार हे २०१५ साली जाहीर झाले. त्यानंतर ते ‘गॉथम’ मालिकेत आणि २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये पडद्यावर आले.

म्हणूनच या खुणांमध्ये सर्वांत मोलाच्या त्या, ज्या माणसांची आठवण ठेवतात. २००३ च्या ‘डेअरडेव्हिल’मध्ये प्रयोगशाळेतील एका सहायकाचे नाव मार्व्हलचे चित्रकार जॅक कर्बी यांच्यावरून जॅक कर्बी असे आहे आणि ती भूमिका केव्हिन स्मिथ यांनी केली आहे, ज्यांनी स्वतः डेअरडेव्हिलच्या कथा लिहिल्या होत्या. २०११ च्या ‘थॉर’मध्ये अस्गार्डच्या, म्हणजे थॉरच्या देवलोकातल्या, मेजवानीत वॉल्टर सायमन्सन बसलेले दिसतात, १९८० च्या दशकातला गाजलेला थॉर त्यांच्या हातचा. ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’मध्ये (२०१९) स्टीव्ह रॉजर्स (कॅप्टन अमेरिका) आप्त गमावलेल्या लोकांची बैठक घेतो. तिथल्या श्रोत्यांत जिम स्टारलिन आहेत. ज्या थॅनोसच्या एका चुटकीसरशी या लोकांची माणसे गेली, त्या थॅनोसला स्टारलिन यांनीच १९७३ साली ‘आयर्न मॅन’च्या ५५ व्या अंकात आणले होते. आपल्याच पात्राने केलेल्या नासाडीच्या गोष्टी ते तिथे मुकाट्याने ऐकत बसले आहेत, हे कळले की ते साधे दृश्य वेगळेच दिसू लागते.

मार्व्हलचे लेखक स्टॅन ली (१९२२–२०१८) यांच्या झलकींना आता लपलेले म्हणणे कठीण आहे, कारण प्रेक्षक त्यांचीच वाट पाहत. सुरुवात १९८९ च्या हल्कवरील दूरचित्रपटात न्यायालयातील ज्युरीपैकी एक म्हणून झाली. ‘एक्स-मेन’मध्ये (२०००) ते समुद्रकिनाऱ्यावर हॉट डॉग विकतात. त्यांच्या सगळ्या झलकींत माझ्या मते सर्वांत खोल आहे ती २००७ च्या ‘फॅन्टास्टिक फोर’च्या दुसऱ्या भागातली. त्या चौघांपैकी रीड आणि स्यू यांच्या लग्नाला ली येतात, आपले नाव सांगतात, आणि पाहुण्यांच्या यादीत नाव नाही म्हणून दारातूनच परत पाठवले जातात. हे थेट १९६५ च्या वार्षिक अंकातून घेतले आहे. तिथेही लग्नाच्या शेवटी या कथांच्या निर्मात्यांना आत सोडत नाहीत. फरक एवढाच की कॉमिकमध्ये दारात दोघे उभे होते, लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी. कर्बी १९९४ साली गेले. चित्रपटात ली एकटेच परततात.

दुसरा मोठा प्रकार म्हणजे कॉमिक्सचे पान जसेच्या तसे पडद्यावर उभे करणे. जून १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर सुपरमॅन मोटार डोक्यावर उचलून आपटताना दिसतो, ‘सुपरमॅन रिटर्न्स’मध्ये (२००६) तो तशाच पवित्र्यात मोटार जमिनीवर उतरवतो. ‘स्पायडर-मॅन २’मध्ये (२००४) पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडर-मॅन, आपला पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून पाठ फिरवतो. ती चौकट १९६७ च्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ अंक ५० मधली, जॉन रोमिटा यांची.

पण या प्रकारातला मानाचा तुरा त्याच मालिकेच्या अंक ३३ ला द्यायला हवा. हा १९६६ चा अंक स्टीव्ह डिटको यांनी रेखाटला. स्पायडर-मॅन प्रचंड यंत्राच्या ढिगाऱ्याखाली अडकला आहे, पाणी चढते आहे, मे काकूला लागणारे औषध हाताच्या अंतरावर पडले आहे. डिटको हा प्रसंग पानामागून पान ताणत नेतात आणि चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात. शेवटी ढिगारा उचलला जातो तेव्हा संपूर्ण पानभर एकच चित्र येते. वाचकाच्या खांद्यावरचेही ओझे उतरते. ‘स्पायडर-मॅन : होमकमिंग’ने (२०१७) हा प्रसंग घेतला, आणि त्यात एक क्षण असा आहे की डबक्यात पडलेल्या मुखवट्यावर पीटरच्या अर्ध्या चेहऱ्याचे प्रतिबिंब जुळते. अर्धा पीटर, अर्धा स्पायडर-मॅन असा चेहरा डिटको वरचेवर काढत असत. इथे एकाच दृश्यात दोन आठवणी जागतात, आणि ज्याने डिटकोचे एकही पान पाहिलेले नाही त्याच्याही घशात आवंढा येतो. उत्तम ईस्टर एगची कसोटी हीच असावी.

वस्तूंच्या रूपातील खुणा बहुधा कला विभाग किंवा दृश्यपरिणाम करणारे कलाकार पेरतात, आणि त्या आधी ठरवलेल्या असतातच असे नाही. ‘आयर्न मॅन’मध्ये (२००८) टोनी स्टार्कच्या कार्यशाळेत कॅप्टन अमेरिकाच्या ढालीसारखी अर्धवट वस्तू दिसते. दृश्यपरिणाम करणाऱ्यांनी ती गंमत म्हणून घातली होती आणि ती राहिली. ‘आयर्न मॅन २’मध्ये टोनीने तीच ढाल यंत्राची पातळी साधायला नळ्यांखाली सारली. कधी चूक सावरायलाही ही युक्ती कामी येते. २०११ च्या ‘थॉर’मध्ये थॉरचे वडील ओडिन यांच्या खजिन्यात इन्फिनिटी गाँटलेट, म्हणजे थॅनोसचा हातमोजा, दाखवला होता, आणि तो उजव्या हाताचा होता. पुढे थॅनोस डाव्या हातात घालतो तो वेगळाच. ‘थॉर : रॅग्नरॉक’मध्ये (२०१७) थॉरची बहीण हेला खजिन्यातून जाताना तो मोजा उलथवते आणि म्हणते, नकली. सहा वर्षे चाहत्यांनी घातलेला वाद एका शब्दात मिटला.

‘कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर’मधली (२०११) खूण सर्वांत जुन्या काळात नेते. टोनीचे वडील हॉवर्ड स्टार्क यांच्या प्रदर्शनात काचेच्या नळीत लाल पोशाखातला एक पुतळा उभा आहे. तो मूळचा ह्यूमन टॉर्च. १९३९ च्या ‘मार्व्हल कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात प्राध्यापक हॉर्टन याने बनवलेला कृत्रिम मानव. तेव्हा कंपनीचे नावही मार्व्हल नव्हते, टाइमली होते.

मालिकांना एक सोय आहे, वेळ. खूण पेरून काही वर्षांनी तिचे पीक घेता येते. ‘द फ्लॅश’ मालिकेच्या २०१४ मधील पहिल्याच भागाच्या शेवटी भविष्यातले, २०२४ चे वर्तमानपत्र दिसते. एका संकटात (‘क्रायसिस’) फ्लॅश नाहीसा झाल्याची बातमी त्यात आहे. ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही १९८५ ची कथा वाचलेल्यांना त्याचा अर्थ लगेच कळला, कारण त्या कथेत फ्लॅश मरतो. शिवाय नायकाच्या वडिलांची भूमिका जॉन वेस्ली शिप यांना दिली होती, जे १९९० च्या मालिकेत स्वतः फ्लॅश होते. २०१९–२० मध्ये त्याच नावाची महाकथा अनेक मालिकांतून सादर झाली तेव्हा प्राण देणारा फ्लॅश होता शिप यांचा, जुना. ‘लोकी’मध्ये (२०२१) जमिनीखालच्या बरणीत कोंडलेला बेडूक क्षणभर दिसतो आणि बरणीवर टी ३६५ असे लिहिलेले असते. थॉर बेडूक झाल्याची सायमन्सन यांची गोष्ट ‘थॉर’च्या ३६५ व्या अंकाच्या सुमाराची आहे.

खूण केवळ डोळ्यांसाठीच असते असे नाही. एक्स-मेनचे चित्रपटहक्क अनेक वर्षे फॉक्सकडे होते, त्यामुळे मार्व्हल स्टुडिओजच्या चित्रपटांत ‘म्यूटंट’ (जन्मतःच जनुकांतून शक्ती मिळालेला माणूस) हा शब्दही येत नसे. मार्च २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सची खरेदी पूर्ण केली. २०२२ मध्ये ‘मिस मार्व्हल’च्या शेवटच्या भागात नायिका कमलाला तिच्या जनुकांत काही वेगळे, म्यूटेशनसारखे, असल्याचे सांगितले जाते आणि मागे १९९२ च्या एक्स-मेन कार्टूनच्या शीर्षकसंगीताचे काही स्वर वाजतात. बस, एवढेच.

याच्या अतिरेकाने नुकसानही झाले आहे. ‘वांडाव्हिजन’ (२०२१) ही शोकावरची सुंदर मालिका. तिच्यातील वाइनच्या बाटलीवरचे नावसुद्धा २००५ च्या ‘हाउस ऑफ एम’ या कथेकडे नेत होते. पण दर आठवड्याला चाहते प्रत्येक चौकट थांबवून मेफिस्टो हा सैतान कुठे दिसतो ते शोधू लागले. तो आलाच नाही. एका स्त्रीने आपल्या दुःखातून उभे केलेले घर समोर कोसळत असताना अनेकांना हुरहुर लागली ती न सापडलेल्या खुणेची. खुणा कथेहून मोठ्या झाल्या की असे होते.

याउलट २०२२ च्या ‘मून नाइट’ने खूण सरळ वाचनाशी जोडली. संग्रहालयाच्या दृश्यात मागे दिसणारा क्यूआर कोड मोबाइलने टिपला की १९७५ चा ‘वेअरवुल्फ बाय नाइट’ अंक ३२, ज्यात मून नाइट प्रथम आला, तो फुकट वाचायला मिळे.

मराठी प्रेक्षकाला जवळची खूण ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये (२०२३) आहे. हा चित्रपट भारतात मराठीसह दहा भाषांत आला. त्यातला पवित्र प्रभाकर २००४ च्या ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ या चार अंकांच्या मालिकेतून आला आहे, ती शरद देवराजन, सुरेश सीताराम आणि चित्रकार जीवन कांग यांची. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, आणि गाव मुंबई. चित्रपटात मुंबई आणि मॅनहॅटन मिळून मुंबॅटन झाले. त्या शहराचे रंग आणि रेषा १९७० च्या दशकातील इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतल्या. १९६४ साली सुरू झालेली इंद्रजाल मराठीतही निघत असे, आणि फँटम तिथे वेताळ होता. ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते अंक एकमेकांत अदलाबदल करून वाचले, त्यांना मुंबॅटनचे गडद, किंचित सरकल्यासारखे रंग कुठून आले हे सांगावे लागत नाही.

तिथेच कथेची गाठही आहे. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना अटळ असतात, असे चित्रपटात मानतात, आणि त्यांतल्या एकीला एएसएम-९० हे नाव आहे : कोसळणाऱ्या ढिगाऱ्यातून मुलाला वाचवताना नायकाच्या जवळचा पोलीस अधिकारी मरतो. एएसएम म्हणजे ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’; १९७० च्या अंक ९० मध्ये पीटरची प्रेयसी ग्वेन हिचे वडील कॅप्टन स्टेसी असेच गेले. इथे एरवी दारावर किंवा बरणीवर लपणारा अंकाचा क्रमांकच नियती होऊन बसला आहे. मुंबॅटनमध्ये ती पाळी पवित्रची मैत्रीण गायत्री हिचे वडील इन्स्पेक्टर सिंग यांच्यावर येते. ढिगारा कोसळू लागतो, ते मुलाकडे धावतात, आणि चित्रपटाचा नायक माइल्स मध्ये पडून त्यांना वाचवतो.